पंपावरचं ओलं फडकं

"मामंजी, आज पंप बदलूनच निघू," वहिनी म्हणाली.

सकाळचे साडेसहा वाजले होते. जीपचं बॉनेट उघडं होतं आणि वहिनीने पदर कमरेला खोचला होता. तिने इंजिनातून ऑइलची पट्टी ओढून काढली, नाकाशी नेली आणि मग तात्यांपुढे धरली. तात्यांनीही वास घेतला.

"पेट्रोल उतरतंय ऑइलमध्ये. पंपातल्या रबरी पडद्याला चीर गेलीय. घाटात दगा देणार हा."

मी मागच्या बाकावर लसीची पेटी नीट बसवत होते. तिथूनच म्हटलं, "पंपाला काही झालेलं नाही."

मी नुकतीच फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन आले होते. निकाल लागायला महिना होता, पण मला सगळं कळतं याबद्दल माझी खात्री झालेली होती.

"उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीने पंपातलं पेट्रोल उकळतं, वहिनी. त्याची वाफ होते. पंप द्रव ढकलायला केलेला असतो. वाफ नुसती दबते आणि परत फुगते, पुढे जात नाही. म्हणून गाडी बंद पडते. वर ओलं फडकं ठेवलं की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. झालं. पंप बदलून काय होणार?"

"उकळतं ते खरं आहे," वहिनी पट्टी पुसत म्हणाली. "पण पंपात दम असला तर वाफेसकट ओढतो. आमच्याकडं उन्हाळाभर अशा गाड्या यायच्या."

तिची बरीचशी वाक्यं शेवटी या 'आमच्याकडं'वर येऊन थांबायची. आमच्याकडं म्हणजे कराडच्या बाहेर हमरस्त्याला लागून असलेलं तिच्या वडिलांचं गॅरेज. लग्नात त्यांनी तिच्या रुखवतात करंज्या, अनारसे, साखरेची खेळणी यांच्या शेजारी कॅनव्हासच्या गुंडाळीत बसवलेला पान्यांचा पूर्ण संच मांडला होता. बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तात्या मात्र सगळं रुखवत सोडून त्या गुंडाळीपाशी वाकून उभे राहिले होते, एकेक पाना बोटाने सारून बघत. सहा महिने झाले होते त्याला. ते वाकलेले तात्या मी विसरले नव्हते.

तात्यांनी आळीपाळीने आम्हा दोघींकडे पाहिलं. मग बॉनेट खाली घेतलं.

"आज राहू दे," ते म्हणाले. "नवाला वर पोचायचंय, बर्फ वितळतोय. आणि अनू आहे की पाणी मारायला."

मी पाण्याचा कॅन उचलला आणि वहिनीकडे न बघता मागे चढून बसले.

तात्या पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण डोंगरावरच्या वाड्यांनी त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. पावसाआधी घटसर्पाची लस टोचायची तर माचणीच्या पठारावरचे धनगर तात्यांचीच वाट बघायचे. आदल्या वर्षी लस उशिरा पोचली होती आणि एका वाड्यावरच्या अकरा म्हशी गळा सुजून आठवड्यात गेल्या होत्या. तात्या ते कुणापाशी बोलत नसत. फक्त त्यानंतर लसीच्या पेटीत ठेवायचा थर्मामीटर त्यांनी स्वतः जाऊन आणला होता. दोन ते आठ अंश. आठाच्या वर काटा फार वेळ राहिला तर ती लस टोचायची नाही, असा त्यांचा नियम होता.

जीप माझ्याही आधीची. पेट्रोलवरची, बाजूंना कापडी पडदे असलेली. ती उन्हाळ्यात घाटात बंद पडायची हे आमच्या घरात, चैत्रात कैऱ्या लागतात तितकं ठरलेलं होतं. बंद पडली की तात्या म्हणायचे, "अनू, पाणी मार." मी सात वर्षांची असल्यापासून. तात्या बॉनेट उचलून धरायचे, मी इंजिनाच्या डाव्या अंगाला असलेल्या त्या वाटीएवढ्या पंपावर चौपदरी फडकं ठेवायचे आणि वरून पाण्याची धार धरायचे. चर्र असा आवाज व्हायचा, वाफ उठायची. मग आम्ही दोघं कठड्यावर बसायचो, पाच मिनिटं, सात मिनिटं. घरी फार न बोलणारे तात्या त्या सात मिनिटांत बोलायचे. म्हशीला चार पोटं कशी असतात, दरीतला तो काळा पट्टा म्हणजे जुन्या लाव्हाचा थर कसा. वाफेने उष्णता जाते हे मला शाळेच्या आधी तिथे कळलं. मी फिजिक्स घेतलं त्याचं कारण कुणी विचारलं तर मी काहीतरी भारदस्त सांगते. खरं कारण तो कठडा आहे.

दहावीनंतर मी साताऱ्याला वसतिगृहात जायला निघाले तेव्हा रडत विचारलं होतं, "आता पाणी कोण मारणार?"

"तू आलीस की तू. तोवर मी," तात्या म्हणाले होते.

पाने मात्र त्यांनी माझ्या हातात कधी दिले नाहीत. "तुझे हात पुस्तकाचे," म्हणायचे. मला त्यात माझं कौतुक वाटायचं. वहिनी येईपर्यंत.

वहिनीला त्यांनी पहिल्या महिन्यात ब्रेक कसायला दिले, दुसऱ्या महिन्यात जीप चालवायला. दादा सांगलीला साखर कारखान्यात केमिस्ट होता, रविवारी यायचा. त्याला जीपचा धूर सहन होत नसे. वहिनी आठवडाभर घरी, तात्यांच्या हाताखाली. संक्रांतीपर्यंत ते तिला सूनबाई म्हणत होते. मी परीक्षा देऊन आले तर हेमा म्हणत होते.

"अनूला पाच वर्षांत जे नाही कळलं ते हेमाला गाडीच्या आवाजावरनं कळतं," असं त्यांनी माझ्यादेखत आईला सांगितलं. आई वाटाणे सोलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अनूला दुसरं कळतं." ते मला जास्त लागलं.

घाट अकरा वळणांचा. एरवी जीप चौथ्या आणि आठव्या वळणावर बंद पडायची. त्या दिवशी दुसऱ्यावरच पडली.

"अनू, पाणी मार."

मी मारलं. चाललं. मी पुढच्या सीटच्या पाठीवर हात टेकून वहिनीच्या कानाशी म्हटलं, "बघितलंत?"

"बघितलं वन्सं," ती म्हणाली. मान वळवली नाही. ती गाडीचा आवाज ऐकत होती.

तिसऱ्याच्या पुढे पुन्हा. चौथ्यावर पुन्हा. दर खेपेला जास्त पाणी लागत होतं आणि दर खेपेला जीप कमी अंतर जात होती. मी पहिल्यांदा चारशे मीटर मोजले, मग अडीचशे, मग दीडशे. तेव्हाच मला कळायला हवं होतं. उकळणं इतकं भराभर वाढत नसतं, काहीतरी फाटत असलं पाहिजे. पण आकडे मला हवे तसे दिसत होते.

पाचव्या वळणावर कॅन रिकामा झाला. तिथला झरा मेमध्ये नुसता ओला दगड असतो.

"आता काढू का तो?" वहिनीने तात्यांना विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थांब जरा," ते म्हणाले. "गार होऊ दे, आपोआप चालेल."

'तो' म्हणजे काय, हे त्या दोघांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. दोघं पुढे बॉनेटमध्ये वाकली. वहिनी हलक्या आवाजात काही म्हणाली, तात्या हसले. मला फक्त दोन पाठी दिसत होत्या, एक पांढऱ्या सदऱ्यातली आणि एक हिरव्या साडीतली, एकाच कोनात वाकलेल्या.

मी लसीची पेटी उघडली.

मी रागाच्या भरात काही केलं नाही. मी हिशेब केला होता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. अर्ध्या किलोच्या चार पिशव्या बर्फ. थर्मामीटर पाच अंशांवर. वर पोचायला अर्धा तास. दोन पिशव्यांवर पेटी दीड तास सहज निघेल. मी दोन पिशव्या काढल्या, फडक्यात बर्फ ओतून त्याची घट्ट पुरचुंडी केली आणि पुढे गेले.

"जरा बाजूला व्हा," मी वहिनीला म्हटलं.

पुरचुंडी पंपावर दाबून धरली. तात्या तोवर मागच्या चाकांना दगड लावायला गेले होते. वहिनी माझ्या कोपरापाशी उभी होती. फडक्यातून पाण्याचा एक ओघळ इंजिनावरून खाली आला आणि तिच्या पावलावर पडला. तिने पाऊल मागे घेतलं.

सहा मिनिटांनी जीप सुरू झाली.

"अनूच्या हाताला गुण आहे बघ," तात्या वहिनीला म्हणाले.

दोन वळणं मी पेटीवर हात ठेवून बसले होते आणि मला आनंद झाला होता. तो खोटा नव्हता. सातव्या वळणाच्या जरा पुढे, झाड नाही, कठडा नाही, अशा उघड्या रस्त्यावर इंजिनाने दोनदा उचकी दिली आणि ते गप्प झालं. तात्यांनी चावी फिरवली. स्टार्टर नुसताच घुरघुरत राहिला.

वहिनी उतरली, बॉनेट उचललं, कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवली. "फिरवा," म्हणाली. तात्यांनी पुन्हा चावी फिरवली. नळीतून काहीच आलं नाही, थेंबभरही नाही. वाफेचा फुसकारासुद्धा नाही.

"गेला," ती म्हणाली.

तात्यांनी चावी बंद केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ तो."

वहिनी मागे आली, माझ्या पायाखालची हत्यारांची पेटी बाहेर ओढली आणि अगदी तळातून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढलं. आत ग्रीस लावलेल्या कागदात नवाकोरा पंप. माझ्या पायाखाली होता तो. तिच्या वडिलांनी दिला असणार आणि तात्यांनी तो माझ्यापासून लपवून घेतला असणार, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तिने पंपाचं पेट्रोल आत घेणारं तोंड अंगठ्याने बंद केलं, दुसऱ्या हाताने त्याची दांडी दाबून सोडली. अंगठा आत ओढला गेला आणि तिथेच चिकटून राहिला. "रबर वाळलेलं नाही," ती तात्यांना म्हणाली. तिचा आवाज जरा चकित होता. "चांगला राहिलाय."

"किती वेळ?" तात्यांनी विचारलं.

"इंजिन तापलंय. अर्धा तास धरा."

"मी तोवर पाणी बघून येतो. तिसऱ्याखाली डबकं आहे." त्यांनी कॅन उचलला आणि ते उतरणीला लागले. त्यांच्या वहाणांचा आवाज वळणाआड गेला आणि रस्त्यावर आम्ही दोघी उरलो.

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून पस्तीस मिनिटं. ऊन थेट जीपच्या मागच्या भागात येत होतं. मी पेटी सीटखाली ढकलली. झाकण उचलून पाहिलं. सहा अंश.

माझ्या हिशेबात सगळं होतं. बर्फाची सुप्त उष्णता, पेटीची जाडी, बाहेरचं तापमान. मी फक्त जीप चालेल असं धरलं होतं.

"वन्सं, पेन्सिल आहे?"

मी वहीतली पेन्सिल दिली. टाकीकडून येणारी नळी सोडवल्याबरोबर तिने पेन्सिल त्या तोंडात खुपसली. पेट्रोल थांबलं. मग तिने पान्यांची गुंडाळी उघडली, तीच, रुखवतातली, आणि पंप धरून ठेवणाऱ्या दोन नटांपैकी पहिला सोडवला. दुसरा हलेना.

"वाडगं धरा याखाली."

मी वाडगं धरलं. ती पान्यावर जोर देत होती, तिच्या मनगटाची शीर ताठ झाली होती, बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या होत्या. पाना दोनदा निसटला. दुसऱ्यांदा तिच्या बोटांची सालं निघाली. तिने बोटं तोंडात धरली, थुंकली आणि पुन्हा पाना लावला. सकाळपासून मी हा पंप बदलला जाऊ नये म्हणून झटत होते. आता मी मनात म्हणत होते, सुट, सुट एकदाचा.

आठ पन्नास. मी पुन्हा पेटीपाशी जाऊन आले. सात.

"किती झालंय?" वहिनीने विचारलं.

"काय?"

"पेटीत."

मी वाडगं पुन्हा नटाखाली धरलं. "सात," मी म्हटलं. आणि मग म्हणावंच लागलं, "वहिनी, मी दोन पिशव्या बर्फ..."

"माझ्या पावलावर पडला तो," ती म्हणाली. डोकं बॉनेटमध्येच होतं. "मेमध्ये एवढं गार पाणी कुठनं आलं, तेव्हाच म्हटलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, पोचतील वर. तुमचा हिशेब असणार काहीतरी." पाना पुन्हा निसटला. "आणि बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, हिला माझं चांगलं बघवत नाही."

मी हेच म्हणाले असते.

ती ताठ उभी राहिली. कपाळावर काळा पट्टा ओढलेला होता. "हा नट किती वेळ घेईल सांगता येत नाही. पायवाट माहितीय ना तुम्हाला? सातव्यापासनं वर जाते ती?"

"दीड मैल आहे."

"मग पेटी डोक्यावर घ्या आणि निघा. झाडीतली वाट आहे, ऊन लागणार नाही. वाटेत म्हशींचा पाणवठा आहे, तिथं हे गाडीतलं गोणपाट भिजवून पेटीला गुंडाळा." ती क्षणभर थांबली. "पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणता ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तात्यांना काय सांगाल?"

"पेटी पुढं पाठवली. यात खोटं काय आहे?"

मी निघाले. पेटी जड नव्हती, सहा बाटल्या आणि उरलेला बर्फ, पण थर्माकोल घामाने निसटायचा. करवंदीच्या जाळ्यांतून वाट चढत होती. पाणवठ्यावर हिरवट पाणी होतं. गोणपाट भिजवून पेटीला गुंडाळलं, उरलेलं पाणी डोक्यावरून, खांद्यांवरून वाहू दिलं. पठाराच्या कडेला लागले तेव्हा वारा सुटला होता. ओल्या गोणपाटाला वारा लागल्यावर आतली पेटी गार पडत जाते हे मी हाताने तपासत होते. आयुष्यात इतक्या मनापासून मी कुठलाही प्रयोग केला नव्हता.

वाड्यापाशी दीडेकशे म्हशी दावणीला बांधून ठेवल्या होत्या. बिरामामा झोरे, तिथले सगळ्यांत वडीलधारे, काठी टेकत पुढे आले.

"डाक्टर कुठंशी हायती?"

"जीप बंद पडली, मामा. येताहेत."

"आन् तुला पेटी डोईवर दिऊन धाडली व्हय. लई शाणी गं तू."

मी पेटी डोक्यावरून उतरवली. त्यांनी पेटी झोपडीत, पाण्याच्या रांजणाशेजारच्या ओल्या वाळूत ठेवायला लावली. झाकण उचललं. आठ अंश. काटा आठाच्या रेषेवर होता, पलीकडे नव्हता. मी झाकण लावलं आणि दर पाच मिनिटांनी बघत राहिले. आठ. आठ. मग साडेसात.

नऊ चाळीसला खालून जीपचा आवाज आला. पठारावरून तो फार आधी ऐकू येतो. अगदी लहानपणी, मी पाणी मारायला लागायच्या आधी, आई आणि मी इथे येऊन थांबलो असलो की आवाजावरून मोजायचो, आता चौथ्यावर थांबली, आता आठव्यावर. मी नकळत मोजायला लागले. आवाज चढत गेला, वळणावर दबला, पुन्हा चढला. आठवं, नववं, दहावं. तो एकदाही तुटला नाही.

लस वाचली होती. म्हशी वाचणार होत्या. आणि मी तिथे उभी राहून, तो एकदा तरी तुटावा, अशी वाट बघत होते.

जीप वहिनी चालवत होती. तात्या उतरले ते थेट झोपडीत गेले, पेटी उघडली, थर्मामीटर डोळ्यांशी नेला. "साडेसात," म्हणाले. मग उरलेल्या बर्फाकडे बघितलं. दोन पिशव्यांमध्ये मिळून मूठभर उरला होता. पाण्याने भरलेल्या दोनच पिशव्या होत्या हेही त्यांनी बघितलं असणार, कारण त्यांनी सकाळी स्वतः मोजून चार ठेवल्या होत्या. त्यांनी झाकण हळूच लावलं.

"पायवाटेने आलीस?"

"हो."

"गोणपाट चांगलं सुचलं."

"ते वहिनीला सुचलं," मी म्हटलं. "बर्फ मी काढला होता, तात्या. फडक्यासाठी."

ते सिरिंज भरत होते. सुई उजेडात धरून त्यांनी हवेचा बुडबुडा बाहेर काढला. "म्हशी धरायला लाग," ते म्हणाले. "उशीर झालाय."

दुपारी दोनपर्यंत आम्ही तिघं आणि वाड्यावरची माणसं म्हशी धरत होतो. जेवायला भाकरी, दूध आणि ठेचा होता. वहिनी सोललेल्या बोटांना तिखट लागू नये म्हणून डाव्या हाताने भाकरी मोडत होती. बिरामामांच्या बायकोने ते बघून घास करून दिले.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "नट सुटला कसा?"

"हातोडी घालून. मामंजी आले डबक्यावरनं, त्यांनी पाना धरला, मी घाव घातले."

"पंप तुमच्या बाबांनी दिला?"

"नाही हो," ती म्हणाली. "हत्यारांच्या पेटीतच होता. मी आले तेव्हापासून. पहिल्याच महिन्यात विचारलं मी मामंजींना, नवा असताना जुना का वागवताय म्हणून."

"मग?"

"राहू दे म्हणाले." ती पाण्याचा तांब्या उचलून उठली. "मला वाटलं, पंप आणलाय हेच विसरले असतील. विसरले नव्हते."

उतरताना तात्या चालवत होते. वहिनी पुढे, मी मागे. घाट उतरताना इंजिनाला काही काम नसतं, जीप सहज चालली होती. जुना पंप वहिनीने नव्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता आणि वळणावळणाला ते पुडकं घरंगळत माझ्या पायांशी येत होतं. मी ते उचललं. कागद एका बाजूने तेलाने पारदर्शक झाला होता. दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात आकड्यांचे रकाने होते, ओळीवर ओळी. मी ते वाचत राहिले, कारण मला आकडे दिसले की वाचावेच लागतात. मग वरचा मथळा वाचला आणि तारीख.

दहावीच्या निकालाचं पान होतं. पाच वर्षांपूर्वीचं. मधल्या एका रकान्यात एका क्रमांकाखाली पेनने रेघ मारलेली होती. क्रमांक माझा होता.

निकालाच्या दिवशी तात्या कराडला गेले होते, हे मला आठवलं. पेढे घेऊन आले होते.

पाच वर्षं. मी साताऱ्याला होते त्यातले बहुतेक महिने. चौथ्या वळणावर एकटेच उतरून, बॉनेट काठीने टेकवून, एका हाताने फडकं धरून दुसऱ्या हाताने धार धरणारे तात्या. पायाखालच्या पेटीत नवा पंप असताना.

मी वर पाहिलं. समोरच्या छोट्या आरशात वहिनीचे डोळे होते. तिने माझ्या हातातला कागद बघितला आणि ती रस्त्याकडे बघू लागली.

चौथ्या वळणावर तात्यांनी जीप कडेला घेतली. इंजिन चालूच होतं, एका लयीत. ते उतरले आणि त्यांनी बॉनेट उचलून धरलं.

"अनू, पाणी मार."

मी सीटमागे हात घातला. कॅन रिकामा असेल असं मला वाटत होतं. उचलला तर काठोकाठ भरलेला होता. वर, वाड्यावरच्या रांजणातून कुणीतरी भरून ठेवला होता. त्याच्या मुठीला फडकं बांधलेलं होतं, धुऊन पिळलेलं.

मी खाली उतरले. वहिनी गाडीतच बसून राहिली. मी तिच्या दाराशी थांबले. "या की," मी म्हटलं. "फडकं धरायला कुणीतरी लागतं."

ती आली. तिने चौपदरी घडी करून फडकं नव्या पंपावर ठेवलं, सोललेली बोटं कडेला धरून. तात्या बॉनेट धरून दरीकडे बघत होते. मी धार धरली.

चर्र झालं नाही. पंप कोमट होता, नुसता कोमट. पाणी फडक्यातून वहिनीच्या बोटांवरून खाली रस्त्यावर गेलं. मी कॅन रिकामा होईपर्यंत ओतत राहिले. मग आम्ही तिघं कठड्यावर जाऊन बसलो, सात मिनिटं.